सतरा सप्टेंबरनंतरची खोली

नांदेडमधल्या एका संस्थेने हैदराबाद मुक्तिसंग्रामावर कायमचे प्रदर्शन उभारायचे ठरवले आणि मांडणीचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते कसे असावे याबद्दल माझ्या मनात शंकेला जागाच नव्हती. मी मूळची लातूरची. आजोबा बार्शीच्या बाजूला सरहद्दीवरच्या मुक्तिलढ्याच्या कॅम्पात होते. आमच्या घरात सालांना आकडे नव्हते. रझाकारीच्या आधी बांधलेली माडी, रझाकारीत विकलेली बैलजोडी, ॲक्शननंतर झालेले आत्याचे लग्न, असाच हिशेब चाले. रझाकारी म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचा धुमाकूळ, ॲक्शन म्हणजे १९४८ मधली भारत सरकारची पोलीस कारवाई. हा काळ मी वाचून शिकले नाही, तो जेवताना ऐकला. त्यामुळे आराखडा काढायला मला फार दिवस लागले नाहीत.

आत शिरताच एक अरुंद, काळा बोळ. दोन्ही बाजूंना रझाकारांचे पूर्णाकृती पुतळे, खांद्याला बंदुका. जमिनीखालून बुटांचा आवाज. बोळाच्या टोकाला जळते घर, लाल दिव्यांनी केलेले. भिंतींवर प्रचंड मोठी उर्दू अक्षरे, लाल उजेडात. तिथून वळले की हुतात्म्यांचे दालन, मग लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांचे, आणि सगळ्यात शेवटी उंच छताचे पांढरे दालन, वरून येणारा सूर्यप्रकाश, तिरंगा, १७ सप्टेंबर १९४८. बोळात अंगावर काटा यावा आणि पांढऱ्या दालनात छाती भरून यावी, एवढेच सूत्र होते. समितीला ते फार आवडले. एका ज्येष्ठांचे डोळे पाणावले.

त्या आराखड्यातले आज जवळजवळ काहीही शिल्लक नाही. बोळ गेला, पुतळे गेले, लाल दिवे गेले, आणि पांढरे दालन शेवटचे राहिलेले नाही. समितीतल्या काहींना वाटते की मी कच खाल्ली, कुणाच्या तरी दडपणाखाली आले. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. दडपण कुणाचेच नव्हते. कागद हाताळत गेले, माणसांना भेटत गेले, तसे माझे मत बदलत गेले, आणि आता ते पक्के झाले आहे.

सुरुवात एका अर्जाने झाली. प्रदर्शनासाठी वस्तू गोळा करताना नांदेड जिल्ह्यातल्या एका कुटुंबाने आम्हाला पत्र्याची ट्रंक उघडून दिली. तलवार, बंदूक, निदान एखादे पत्रक मिळेल अशी माझी अपेक्षा. वर जुन्या पगड्या, खाली कागद. त्यातला एक कागद गावच्या वाचनालयाने वार्षिक समारंभाची परवानगी मागणारा. अर्ज मराठीत, तारीख संस्थानात चालणाऱ्या फसली सालाची, महिना आबान. पाहुण्यांची नावे, प्रत्येकाचे गाव, व्याख्यानाचा विषय, कार्यक्रम किती वाजता संपेल तेही. भाषणात राजकीय किंवा धर्माविषयी काही बोलले जाणार नाही अशी हमी, खाली सह्या. समासात उर्दू शेरे, तीन वेगळ्या हातांचे. एक अमिनाचा, म्हणजे पोलीस अधिकाऱ्याचा. दुसरा पेशकाराचा, म्हणजे दफ्तरातल्या कारकुनाचा. तिसरा तहसीलदाराचा. उर्दू वाचणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी ते मला वाचून दाखवले. अमिनाने लिहिले होते, पाहुण्यांपैकी एक जण बाहेरच्या मुलखातला आहे, चौकशी व्हावी. पेशकाराने लिहिले, चौकशी करून रुजू करावे. तहसीलदाराने परवानगी दिली होती, पण समारंभाची तारीख उलटून गेल्यावर.

मी तो कागद कितीतरी वेळ धरून बसले. त्यात रक्त नाही, धमकी नाही, एकही वाईट शब्द नाही. तिन्ही शेऱ्यांचे अक्षर सुरेख. आणि तरी गावातली पाच-सहा माणसे पुस्तकांवर बोलण्यासाठी कशी हात जोडून उभी होती, ते त्यात स्पष्ट दिसते. १९२९ सालच्या गश्ती निशाण ५३ या सरकारी परिपत्रकाने सभा-संमेलनाला आगाऊ परवानगीची अट घातली होती, हे मी पुस्तकांत वाचले होते. खाजगी शाळा काढायला परवानगी, आखाडा चालवायला परवानगी, हेही वाचले होते. वाचताना ती एक यादी होती. ट्रंकेतल्या कागदावर ती एका वाचनालयाच्या चिटणिसाच्या घाबऱ्या, काळजीपूर्वक मराठीत आली.

माझ्या काळ्या बोळात या कागदाला जागा नव्हती. पुतळ्यांच्या मध्ये तो कुणाला दिसला नसता. आणि मला हळूहळू वाटू लागले की तो दिसत नसेल, तर लोकांना त्या राजवटीतले जगणे दिसणारच नाही. रझाकारांचा उच्छाद झाला तो मुख्यतः शेवटच्या वर्ष-दीड वर्षात. निजाम मीर उस्मान अली खान गादीवर आले १९११ मध्ये. मधली छत्तीस-सदतीस वर्षे लोक शेती करत होते, लग्ने लावत होते, मुले शाळेत घालत होते, आणि प्रत्येक गोष्टीत कुठेतरी सरकारचा शेरा होता. ते शेरे समजल्याशिवाय १९४७-४८ मध्ये माणसे घरदार सोडून कॅम्पात का गेली ते कळत नाही.

मग मी वस्तू वेगळ्या नजरेने शोधू लागले. शाळेपासून सुरुवात केली. तहतानिया, वस्तानिया, फौकानिया: प्राथमिक, माध्यमिक आणि वरची शाळा. प्राथमिकपर्यंत मराठी, पुढे उर्दू. घरी मराठी बोलणारा मुलगा गणित उर्दूत शिके आणि रोज सकाळी निजामाच्या दीर्घायुष्याची प्रार्थना म्हणे. १९३७ मध्ये निजामाचा रौप्यमहोत्सव झाला तेव्हा शाळांत मिठाई वाटली, ती खाल्लेल्यांच्या आठवणी घराघरांत सांगितल्या जातात, गोड म्हणूनच सांगितल्या जातात. राष्ट्रीय शाळा याच पोकळीत उभ्या राहिल्या. हिप्परग्याची शाळा, अंबाजोगाईचे योगेश्वरी. व्यंकटेश खेडगीकर नावाचे शिक्षक याच शाळांत मुख्याध्यापक होते; संन्यास घेतल्यावर ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. मुक्तिलढ्याचा सेनापती शाळामास्तर असावा, यात योगायोग काही नाही. सरकारला आवडणार नाही असे काही उभे करायचे तर शाळा हीच पहिली जागा होती. पुढे १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन व्हायच्या आतच तिच्यावर बंदी आली, त्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठातल्या मुलांना वंदे मातरम् म्हटल्याबद्दल काढून टाकले, आणि उदगीरचे भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात वारले.

आणि लेव्ही. दुसऱ्या महायुद्धात धान्याची सक्तीची वसुली सुरू झाली. ठरलेले धान्य ठरलेल्या भावाने सरकारला घालायचे, पिकले नसेल तर बाजारातून चढ्या भावाने विकत घेऊन घालायचे. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके, इंग्रजी मुलखातून कापड आणायचे तर तिथे जकात. निजामाचे हाली नाणे वेगळे, इंग्रजांचा कलदार वेगळा. १९४७ च्या लढ्यात लोकांनी सर्वात आधी हात घातला तो याच गोष्टींना: करोडगिरीचे नाके, लेव्हीची दफ्तरे, सरकारला उत्पन्न देणारी शिंदीची झाडे. राजवट कुठे टोचते ते त्यांना बरोबर ठाऊक होते.

लेव्हीचे कागद पाहताना आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि तिने मला बराच काळ अस्वस्थ केले. धान्य मोजून घेणारा, नोंद करणारा, कुणाच्या कणग्यात किती आहे हे वर सांगणारा माणूस गावातलाच होता. पाटील, पटवारी, देशमुख. आमच्यासारख्याच घरांतले. काहींनी नोंदी कमी दाखवून गाव वाचवले, काहींनी त्यावर जमिनी केल्या. आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला वेठीला धरणारा हात निजामाचा नव्हता, तो गढीतून येत होता. माझ्या पहिल्या आराखड्यात जुलूम करणारा ओळखायला अगदी सोपा होता: टोपी, दाढी, बंदूक. आता मला लेव्हीच्या वहीशेजारी लिहावे लागणार होते की ही वही कुणी लिहिली.

पुतळ्यांशिवाय हे सगळे कसे दाखवायचे, या प्रश्नात मला एक उदाहरण उपयोगी पडले. जोहान्सबर्गला वर्णभेदाच्या राजवटीवरचे संग्रहालय आहे, २००१ मध्ये उघडलेले. तिथे तिकिटावरच कुठलाही निकष न लावता तुम्हाला गोरे किंवा बिगरगोरे ठरवतात आणि वेगवेगळ्या दारांनी आत सोडतात. एवढ्यानेच पाहणाऱ्याला समजते की त्याची जागा कुणीतरी कागदावर ठरवली आहे. मी हे तसेच्या तसे इथे आणणार नाही, आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. पण त्यावरून धीर आला: भीती दाखवायला बुटांचा आवाज लागत नाही.

आता पहिल्या खोलीत तो वाचनालयाचा अर्ज आहे. खोलीच्या मध्यभागी, उतरत्या टेबलावर, काचेखाली, शाळेतल्या मुलालाही वाकून वाचता येईल अशा उंचीवर. शेजारी प्रत्येक शेऱ्याचे मराठी. कागदावर पन्नास लक्सपेक्षा जास्त उजेड पडू द्यायचा नाही, नाहीतर शाई उडते, म्हणून खोली मंद ठेवावीच लागते. त्या मंदपणासाठी वेगळे काही करावे लागले नाही. देणगीत आलेले कितीतरी कागद लोकांनी प्रेमाने प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करून ठेवले होते. ते आता सोडवताही येत नाहीत आणि आतल्या आत पिवळे पडत चालले आहेत. ज्यांच्या घरी असे कागद असतील त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: लॅमिनेशन करू नका, साध्या सुती कापडात, वाळवी लागणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा.

याच खोलीत निजामसागर धरण आहे, उस्मानिया विद्यापीठ आहे, रेल्वे आहे. हे घालायला विरोध झाला. मला मात्र आता ते हवेच वाटते. १९१८ मध्ये भारतीय भाषेत उच्च शिक्षण देणारे विद्यापीठ काढणारे सरकार गावातल्या वाचनालयाला समारंभ करू देत नव्हते, हे एकत्र पाहिल्याशिवाय ते सरकार कळत नाही. धरणे बांधणारी, इस्पितळे काढणारी राजवटही माणसाचे तोंड बंद करू शकते, हे मुलांनी आमच्या प्रदर्शनात पाहावे असे मला वाटते.

दुसरी खोली रझाकारीची आहे. इथे मी काहीही सौम्य केलेले नाही, आणि ज्यांना मी कच खाल्ल्यासारखी वाटते त्यांनी ही खोली आधी पाहावी. बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसरे १९४६ च्या ऑक्टोबरात मारले गेले. मुक्तिसंग्रामातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. कंधार तालुक्यात कल्हाळीला अप्पासाहेब नाईक आणि त्यांच्या साथीदारांनी गढीतून लढा दिला आणि तिथेच ते पडले. बीदर जिल्ह्यातल्या गोरट्याला १९४८ च्या मे महिन्यात मोठी कत्तल झाली. मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांत घरे जाळली गेली, बायकांवर अत्याचार झाले, लोक रातोरात सरहद्द ओलांडून गेले. पुतळ्यांऐवजी आता नावे आहेत. गावानुसार, भिंतभर, हाताने काढलेल्या अक्षरांत, जात न लिहिता. हातात लेखणी घेऊन ही अक्षरे काढताना मला जे जाणवले ते लाल दिवे लावताना जाणवले नव्हते: प्रत्येक नावाला वेळ लागतो.

इथेच उमरी आहे. ३० जानेवारी १९४८. उमरखेडच्या कॅम्पातल्या लोकांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली, वीस लाखांहून अधिक रुपये नेले. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. उमरीची गोष्ट आमच्याकडे शौर्यकथा म्हणून सांगतात, आणि ती आहेच. पण मला त्यातला हिशेब जास्त महत्त्वाचा वाटतो. एवढी रक्कम हाताशी असताना तिचा जमाखर्च ठेवला गेला आणि लढा संपल्यावर तो सादर केला गेला. उद्या सत्ता आपल्या हाती येणार आहे असे मानणारी माणसे कशी वागत होती, त्याचा हा पुरावा आहे. म्हणून या प्रसंगाला चित्र नाही, जमाखर्चाच्या वहीसारखे एक लांब पान आहे.

कासीम रझवी लातूरला वकिली करत होता. लातूरकरांना हे सांगावे लागत नाही, पण नांदेडच्या तरुण मुलांना माहीत नसते. गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात, त्या बाजारपेठेत कापसाचा, डाळींचा मोठा व्यापार होता, कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या. त्या गावातून हा माणूस उठला आणि हैदराबादेत रझाकारांचा सर्वेसर्वा झाला. १९५७ पर्यंत तो तुरुंगात होता, सुटल्यावर पाकिस्तानला गेला. पहिल्या आराखड्यात त्याचे मोठे छायाचित्र बोळाच्या तोंडाशी होते. आता त्याच्या छायाचित्रासमोर तेवढ्याच आकाराची दोन पाने आहेत. एक शोएबुल्लाखान यांचे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक, रझाकारांविरुद्ध आणि भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत. १९४८ च्या ऑगस्टमध्ये रात्री घरी परतताना त्यांना गोळ्या घातल्या, हात तोडला. दुसरे फरीद मिर्झा यांचे. ते नांदेड जिल्ह्यात महसूल अधिकारी होते. रझाकारांचे अत्याचार पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, आणि त्याच ऑगस्टमध्ये सात मुसलमानांनी रझाकारांविरुद्ध काढलेल्या पत्रकावर त्यांची सही होती. नांदेडच्या प्रदर्शनात नांदेडच्या या अधिकाऱ्याला जागा नसती तर ते मला पुढे कधीच पटले नसते. माझ्या पहिल्या आराखड्यात ती नव्हती.

आता शेवटच्या खोलीबद्दल. खरा मतभेद तिच्यावर आहे.

लातूरच्या जुन्या वस्तीत मी एका वृद्ध शिंपी चाचांना भेटायला गेले होते. रझाकारीच्या काळातला बाजार कसा होता, जिनिंगचे कारखाने कसे चालत, हे त्यांना चांगले आठवते असे कळले होते. चाचांनी पेढ्यांची नावे सांगितली, रुईचे भाव सांगितले, भरती व्हायला नकार दिला म्हणून रझाकारांनी चाचांच्याच एका नातेवाइकाला कसे मारले तेही सांगितले. मी वही मिटली. तेवढा वेळ दारात बसून गवार मोडत असलेली त्यांची थोरली बहीण म्हणाली, “बाई, आमच्या अब्बांचं नाव कुठं लिहायचं?”

मला वाटले, रझाकारांनी मारले असेल. तसे नव्हते. अब्बा एका पेढीवर गाठी मोजायचे काम करत. ॲक्शननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी घरात पीठ संपले म्हणून ते बाहेर पडले. “मी दाराच्या फटीतनं बघत होते,” त्या म्हणाल्या. “त्यांनी टोपी काढून खिशात घातली. मग गेले.” चाचा म्हणाले, “आपा, राहू दे.” त्या थांबल्या नाहीत. शेजारच्या साळ्याच्या घरी हागणदारीच्या वाटेने मागे राहिलेल्या घरच्यांना कसे नेले, तिथे मागावरच्या कापडाच्या ताग्यांमागे किती दिवस ठेवले, साळ्याच्या बायकोने भाकरी कशा दिल्या, सगळे सांगितले. अब्बा परत आले नाहीत.

पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना भारत सरकारने १९४८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात पाठवले होते. त्यांचा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो अनेक दशके कपाटात राहिला. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर निदान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असा त्यांचा अंदाज आहे, आणि सर्वात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे घेतली आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. अहवालात लातूरबद्दल वेगळे लिहिले आहे: वीसहून अधिक दिवस कत्तल चालली, सुमारे दहा हजार मुसलमान वस्तीपैकी जेमतेम तीन हजार उरले होते, हजारावर मारले गेले आणि बाकीचे पळून गेले. याच अहवालात हिंदूंनी जिवावर उदार होऊन शेजाऱ्यांना वाचवल्याच्या नोंदी आहेत, आणि एकाच व्यवसायातली माणसे एकमेकांसाठी विशेष उभी राहिली असे म्हटले आहे. उदाहरण विणकरांचे दिले आहे. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, काहींनी त्यासाठी जीव गमावला. ते वाचताना मला त्या साळ्याच्या घरातले तागे दिसले.

आजोबा ॲक्शननंतर कॅम्पातून लातूरला परत आले होते. कॅम्पातल्या गोष्टी ते रंगवून सांगत: सरहद्दीवरच्या रात्री, नाक्यावरचा हल्ला, उपाशी चाललेला मैलोन्‌मैल रस्ता. लातूरला आल्यानंतरच्या पहिल्या महिन्याबद्दल ते कधीही बोलले नाहीत. लहानपणी मला त्यात काही वावगे वाटले नाही. लढाई संपली, गोष्ट संपली. माझे पांढरे दालन त्याच समजुतीवर उभे होते. पुढे त्यांच्या वस्तूंत मला त्यांची रोजनिशी मिळाली. ती उर्दूत आहे. निजामाशी लढलेला हा माणूस रोजच्या नोंदी उर्दूत लिहीत होता, कारण तो उर्दूत शिकला होता. माझ्या पहिल्या आराखड्यातली लाल उजेडातली उर्दू अक्षरे त्या दिवशी मी पुसली. आता प्रदर्शनाची सगळी माहिती मराठीत आहे आणि शेजारी उर्दूत. रोजनिशीत ॲक्शननंतरच्या आठवड्यांची पाने कोरी आहेत.

समितीतल्या एका काकांशी माझा या खोलीवरून बराच वाद झाला. त्यांनी स्वतः लहानपणी गाव जळताना पाहिले आहे. त्यांच्या बोलण्याला वजन आहे. ते म्हणाले, “तू दोन्ही पारडी सारखी करते आहेस. ज्यांनी जाळलं आणि ज्यांचं जळलं, ते एकाच भिंतीवर?” मी म्हटले, “काका, सारखी मी करत नाही. रझाकारांच्या पाठीशी सरकार होतं, ते दुसऱ्या खोलीत स्पष्ट लिहिलं आहे. पण पीठ आणायला गेलेल्या गाठी मोजणाऱ्या माणसानं कुणाचं काय जाळलं होतं?” ते गप्प बसले. पटले म्हणून नव्हे. थोड्या वेळाने म्हणाले, “लोक या खोलीवरून आपल्यावर तुटून पडतील.” तशी शक्यता आहे हे मलाही मान्य आहे.

तरीही ती खोली का हवी, ते एका उदाहरणाने सांगते. बुडापेस्टमध्ये ‘दहशतीचे घर’ नावाचे संग्रहालय आहे. त्याच्या इमारतीत आधी हंगेरीतल्या नाझींचे ठाणे होते, मग कम्युनिस्टांच्या गुप्त पोलिसांचे. मांडणीच्या दृष्टीने ते अतिशय प्रभावी आहे. माझा काळा बोळ त्याच्यासारख्या जागांचीच छायाचित्रे पाहून सुचला होता. पण त्याच्यावर पहिल्यापासून एक आक्षेप आहे. कम्युनिस्ट काळाला तिथे खोल्यांवर खोल्या आहेत आणि हंगेरीतल्या ज्यूंच्या वाट्याला आलेल्या संहाराला, ज्यात हंगेरीच्या स्वतःच्या यंत्रणेचा हात होता, अगदी थोडी जागा. आपल्यावर झालेले मोठ्या अक्षरात, आपल्याकडून झालेले बारीक अक्षरात. मला नांदेडला तसे होऊ द्यायचे नाही.

आणि हे मी बाहेरून आणते आहे असेही नाही. याच नांदेडात, मुक्तिसंग्रामाच्या नेत्यांनी १९५० मध्ये उभ्या केलेल्या पीपल्स कॉलेजात विचारवंत नरहर कुरुंदकर शिकवत होते. मुक्तिसंग्रामाबद्दल त्यांना मनापासून अभिमान होता, आणि तो अभिमान बाळगूनच ते त्या सगळ्या काळाची चिकित्सा करत. आपल्या माणसांना प्रश्न विचारणे ही नांदेडची जुनी सवय आहे. तिच्यावर माझा काकांच्या भीतीपेक्षा जास्त भरवसा आहे.

माझ्या आराखड्यात शेवटची खोली लहान आहे. पांढरे दालन तिच्या आधी येते, तिरंगा तिथे आहे, स्वामीजी आहेत, लढ्यातले गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव, दिगंबरराव बिंदू आहेत, वरून ऊन पडते, आणि माणसांना तिथे हवा तेवढा वेळ थांबता येईल. माझीही छाती तिथे भरून येते, त्यात काही बदललेले नाही. पण बाहेर जायचे दार त्या दालनात नाही. दार पुढच्या खोलीतून आहे. तिथे सुंदरलाल अहवालातली लातूर-नांदेडची माहिती आहे, वाचवणाऱ्या विणकरांची नोंद आहे, आजोबांच्या रोजनिशीतले एक कोरे पान आहे. एक भिंत नावांसाठी आहे, दुसऱ्या खोलीतल्या भिंतीसारखीच, त्याच अक्षरांत, त्याच आकारात. त्या भिंतीवर सध्या थोडीच नावे आहेत, कारण कुणी विचारलेच नव्हते. चाचांच्या बहिणीने अब्बांचे नाव, वय आणि पेढी सांगितली. ते पहिले नाव आहे.

अंदाजपत्रकात मी आणखी एक रक्कम घातली आहे आणि ती कुणी कापू नये असा माझा हट्ट आहे: बारा महिने देखरेख करणाऱ्या एका माणसाचा पगार आणि विजेचे बिल. १९८० च्या दशकात महाराष्ट्रभर सरकारने हुतात्मा स्मारके बांधली. त्यांतली किती तरी मी पाहिली आहेत. सतरा सप्टेंबरच्या आधी चुना लागतो, फुले येतात, भाषणे होतात, आणि मग कुलूप. आत कुठे ग्रामपंचायतीच्या खुर्च्या, कुठे सोयाबीनची पोती. आमच्या प्रदर्शनाला मराठीबरोबर उर्दूही वाचू शकणारा, आणि मुलांनी काही विचारले तर सांगू शकणारा माणूस रोज लागेल. समितीने ही रक्कम मंजूर केली आहे. शेवटच्या खोलीचा निर्णय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे, आणि त्या बैठकीत मी तोच आराखडा मांडणार आहे.

तोवर काम चालू आहे. लेव्हीच्या पावत्या, करोडगिरीच्या नाक्यावरचे कागद, तहतानिया-वस्तानियाची पुस्तके, वाचनालयांचे अर्ज, कॅम्पातली पत्रे मला हवी आहेत. ॲक्शननंतर लातूर सोडून गेलेल्या पेढ्यांच्या कुटुंबांची पत्रे, फोटो, हिशेबाच्या वह्या, यांतले आजवर आमच्याकडे काहीही आलेले नाही, ते सर्वात आधी हवे आहे. आणि विणकरांच्या वस्तीत ज्यांच्या घरी कुणी लपले होते, त्यांनी आठवेल तेवढे लिहून ठेवावे, साध्या कागदावर, शाईने.